बुलेटचं हेड परत बांधताना

साताऱ्याच्या गोडोलीतले आमचे मिस्त्री हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलायला बसले की आधी कंदी पेढ्यांचे दोन रिकामे बॉक्स मागतात. एकावर मार्करने 'इन' लिहायचं, दुसऱ्यावर 'आउट'. मग खोलताना इनटेकच्या बाजूचा व्हॉल्व्ह, त्याच्या स्प्रिंगा, त्याची लॉकं, त्याचा रॉकर, त्याचा पुशरॉड असं सगळं एका बॉक्सात आणि एक्झॉस्टचं दुसऱ्यात. पहिल्यांदा मला हा जरा जास्तच सोवळेपणा वाटला होता. दोन्ही बाजूंचे भाग दिसायला सारखेच, मग उलटसुलट झाले तर काय बिघडलं? बरंच बिघडतं, आणि ते का, हे समजलं की बांधणीचं निम्मं काम समजलं.

गाडी माझी नाही, आप्पांची. फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा घेतलेली 1991 सालची बुलेट 350, एमएच-11 पासिंग, उजव्या पायाचा गिअर, कास्ट आयर्न सिलिंडरचं जुनं इंजिन. 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक, 346 सीसी. आता ती माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात किकला दम लागेना, म्हणून हेड उतरवलं. निदान सोपं होतं: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. खोलायला अर्धा तास लागला. परत बांधायला दोन रविवार गेले, आणि त्यातला एक माझ्या चुकीमुळे.

ज्यांचं दुचाकीचं शिक्षण प्रिया स्कूटर, येझदी किंवा राजदूतवर झालं, त्यांना व्हॉल्व्हचं हे प्रकरण कदाचित माहीतच नसेल. प्रिया तर साताऱ्यातच बनायची, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात. पण ती टू-स्ट्रोक. तिच्यात असे व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाही, कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. बुलेटला मात्र दोन दारं आहेत. मागचं दार, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतं. पुढचं दार, म्हणजे एक्झॉस्ट, जळालेला धूर सायलेन्सरकडे सोडतं. इंजिनाची एक फेरी पुरी व्हायला पिस्टन चार वेळा धावतो: आत ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर ढकलणं. तेवढ्यात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतो तो खालचा दांडा, दोनदा फिरतो आणि प्रत्येक दार एकदाच उघडतं. म्हणून दारं उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडून बंद होतो.

आता गंमत अशी की कॅम आहे खाली, इंजिनाच्या पोटात उजव्या बाजूला, आणि दारं आहेत वर, हेडमध्ये. मग खालचा धक्का वर पोचवायचा कसा? त्यासाठी साखळीसारखी माणसं उभी केली आहेत. कॅमचा फुगवटा टॅपेटला वर उचलतो. टॅपेटवर उभा असलेला पुशरॉड सिलिंडरच्या ओतीव बोगद्यातून वर जाऊन रॉकरचं एक टोक उचलतो. रॉकर म्हणजे तराजूची दांडी. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाब देऊन तो उघडतो. फुगवटा पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत वर खेचते आणि तोच धक्का उलट्या वाटेने खाली येतो. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाची झाकणं उघडून ज्याने पाहिलं असेल, त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. आमच्या मामांच्या मळ्यात हँडल मारून सुरू करायचं तसलं एक इंजिन होतं आणि मामा टॅपेट स्वतः लावायचे. तेव्हा मी नुसता बॅटरी धरायला.

या साखळीत कुठेच नटाने पक्कं जोडलेलं काही नाही. पुशरॉड नुसता उभा असतो, खाली टॅपेटवर आणि वर रॉकरच्या वाटीत. सगळं स्प्रिंगच्या जोरावर एकमेकांना टेकून चालतं. टेकून चालतं म्हणजे घासतं, आणि घासून घासून एकमेकांच्या मापाचं होतं. पुशरॉडचं टोक त्याच रॉकरच्या वाटीत तीस वर्षं फिरत राहिलं की दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना बसतात. इतकी वर्षं एकत्र नांदलेल्या जोड्या मोडून नवे सोयरे जुळवले की एका ठिपक्यावर सगळा भार येतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिथे खड्डा पडतो. पेढ्यांचे दोन बॉक्स त्यासाठी. जो भाग नवा घालायचा, तोही शक्यतो जोडीने बदलायचा, असं मिस्त्रींचं मत आहे आणि मला ते पटतं, खिशाला न पटलं तरी.

व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक

बांधणी सुरू होते हेडपासून, आणि हेड गाडीवर चढवण्याच्या कितीतरी आधी, टेबलावर. व्हॉल्व्हची कड आणि हेडमधली सीट या दोन्हींना साधारण 45 अंशांचा उतार असतो. दोन्ही उतार एकमेकांवर सगळीकडून टेकले पाहिजेत, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या मिश्रणाचा दाब, टिकतं. एक्झॉस्टच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. लालभडक तापणारा हा व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकलेला असतानाच हेडकडे सोपवतो. नीट टेकला नाही तर त्याला थंड व्हायला जागाच मिळत नाही. कड जळते आणि कड जळली की तो आणखीच कमी टेकतो. आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून लॅपिंग, किंवा गॅरेजच्या भाषेत व्हॉल्व्ह घासणं. कडेला बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावायची, व्हॉल्व्ह त्याच्याच सीटवर ठेवायचा आणि रबरी चोखणी लावलेली काठी दोन्ही तळव्यांत धरून रवी फिरवल्यासारखी मागे-पुढे फिरवायची. मधूनमधून उचलून थोडा फिरवून परत ठेवायचा, म्हणजे एकाच जागी रेघा पडत नाहीत. काही वेळाने दोन्हींवर राखाडी, एकसारखी, कुठेही न तुटलेली रिंग दिसते. ती दिसली की थांबायचं. खोल खड्डे असतील तर पेस्टने ते जात नाहीत. तिथे सीट कटरनेच नवी बैठक काढावी लागते आणि ते काम टर्नरकडे द्यायचं. तासन्तास घासत राहून खड्डा जाईल ही आशा सोडलेली बरी, कारण त्यात चांगला भागही झिजतो.

घासून झालं की धुणं. इथे मी कंजूषपणा करत नाही. पेस्ट म्हणजे वाळूच; तिचा एक कण जरी गाईडमध्ये राहिला तरी तो इंजिन चालताना घासतच राहणार. पेट्रोल, ब्रश, मग साबणाचं पाणी, मग हवा मारून कोरडं.

गाईड म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची नळी. व्हॉल्व्ह अर्धवट बाहेर काढून डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचं. जास्त खुळखुळला तर गाईड गेलं. गेलेल्या गाईडमधून तेल आत जातं आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. नवं गाईड घालताना हेड ओव्हनमध्ये तापवतात, कारण हेडचं ॲल्युमिनियम तापलं की त्यातलं भोक जरा मोठं होतं आणि गाईड काही न फोडता आत जातं. आमची गाईडं ठीक होती, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही.

मग स्प्रिंगा. बुलेटला प्रत्येक व्हॉल्व्हवर दोन असतात, एकात एक. एकाच जाड स्प्रिंगपेक्षा दोन स्प्रिंगांचा फायदा असा की ठरावीक गतीला एक स्प्रिंग थरथरायला लागली तरी दुसरी त्याच तालात थरथरत नाही. शिवाय एक तुटली तरी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडत नाही, पिस्टन वाचतो. स्प्रिंगचे वेढे एका बाजूला जवळजवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब असतील, तर जवळचे वेढे हेडच्या बाजूला. सगळे सारख्या अंतरावर असतील तर हा प्रश्नच नाही.

सगळ्यात चिवट काम लॉकं बसवण्याचं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर वरच्या बाजूला एक खाच असते. स्प्रिंगांवर एक वाटीसारखी प्लेट बसते आणि त्या प्लेटला दांड्याशी जखडून ठेवतात दोन अर्धी, निमुळती लॉकं. स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबायची, लॉकं खाचेत ठेवायची, हळूहळू सोडायचं. एवढंच. पण बोटं तेलकट, लॉकं करंगळीच्या नखाएवढी आणि दोन्ही एकदम धरायची. उपाय जुनाच आहे: लॉकांच्या आतल्या बाजूला ग्रीसचा थेंब लावला की ती दांड्याला चिकटून राहतात. बसल्यावर दांड्याच्या टोकावर लाकडी हातोडीने एक-दोन हलके टोले द्यायचे. लॉक नीट बसलं नसेल तर ते इथेच, टेबलावरच उडतं. हेच हेड गाडीवर चढल्यावर उडालं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचार न केलेला बरा. तोंड मात्र बाजूला ठेवा. लॉक उडालं तर पंख्यापर्यंत जातं.

हेड उलटं करून ज्वलनाच्या बाजूने वाटी वर ठेवायची, प्लग लावून भोक बंद करायचं आणि वाटीत रॉकेल ओतायचं. दहा मिनिटांनी इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडात बॅटरीने डोकवायचं. ओल दिसली नाही तर व्हॉल्व्ह बसला. रॉकेल आता दुर्मीळ झालंय. मी डिझेल वापरलं, चाललं.

जोडणीचा क्रम

हेड चढवणं सगळ्यांना मोठं काम वाटतं, पण ते वजनाने मोठं, डोक्याने नव्हे. पृष्ठभाग स्वच्छ, पॅकिंग नवं, नट समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. एकाच कोपऱ्यातला नट आधी आवळला की हेड वाकडं बसतं आणि पुढे कायम फुंकत राहतं.

खरी गंमत त्यानंतर. हेड उतरवताना कॅमचं कव्हर उघडलं नसेल तर टायमिंग हललेलं नसतं. हे मोठंच सुख आहे. उघडलं असेल तर क्रँकच्या पिनियनवरचे (छोट्या गिअरवरचे) आणि कॅमच्या गिअरांवरचे ठिपके समोरासमोर आणावे लागतात. एक दात चुकला तरी व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतो.

पुशरॉड घालण्याआधी दोन्ही टॅपेट खाली बसलेली, म्हणजे कॅमच्या फुगवटा नसलेल्या पाठीवर, असायला हवीत. ती जागा म्हणजे दाबाच्या शेवटी पिस्टन टॉपला येतो ती. का? कारण पेटण्याच्या आधी दोन्ही दारं बंदच असली पाहिजेत. या जागेवर इंजिन आणून ठेवलं की पुशरॉड सैल उभे राहतात, रॉकर बसवताना स्प्रिंगशी मारामारी करावी लागत नाही.

पुशरॉड ॲल्युमिनियमचे, टोकांना पोलादी. दोन्ही सारख्या लांबीचे नसतात, म्हणून बॉक्सवरचं 'इन-आउट' इथे पुन्हा कामाला येतं. बोगद्यातून खाली सोडला की तो टॅपेटवर नीट उभा राहिला की कडेला लागला हे वरून कळत नाही. खालचं टॅपेट कव्हर (मध्ये एकच नट) काढून बॅटरीने बघायचं आणि बोटाने फिरवायचं. फिरतो, पण कुठे अडकत नाही, तर बसला.

बुलेटचा प्रत्येक रॉकर एका दोन तुकड्यांच्या बेअरिंगमध्ये फिरतो. वरचा तुकडा आणि खालचा तुकडा एकत्र जोडूनच त्यांचं भोक पाडलेलं असतं, म्हणजे ती जोडी जन्माची. एकाचा वरचा तुकडा दुसऱ्याच्या खालच्यावर घातला, किंवा त्याचाच तुकडा उलटा बसवला, तर भोक गोल राहत नाही आणि नट आवळले की रॉकर जखडतो. शिवाय तेलाचं भोकही जागेवर येत नाही. बाहेरून येणाऱ्या बारीक नळ्यांमधून तेल इथपर्यंत चढतं. भोक बंद झालं तर रॉकर कोरडाच चालणार. म्हणून दोन्ही तुकड्यांवरच्या खुणा एका बाजूला आणायच्या, नट चारी बाजूंनी थोडे थोडे आवळायचे आणि प्रत्येक फेरीनंतर रॉकर हाताने वर-खाली करून बघायचा. मोकळा हलत असेल तर पुढे. हे करताना पुशरॉडचं वरचं टोक रॉकरच्या वाटीत आहे ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघायचं. वाटीबाहेर राहिलेला पुशरॉड पहिल्याच किकला वाकतो.

टॅपेट लावताना

सगळं बसलं की उरतो टॅपेटचा गॅप, म्हणजे कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या साखळीतली मोकळी फट. धातू तापला की वाढतो. 100 मिलिमीटर लांब ओतीव लोखंड 100 अंशांनी तापलं तर साधारण 0.11 मिलिमीटर वाढतं. तेवढंच ॲल्युमिनियम सुमारे 0.23. सिलिंडर आणि हेड वाढले की रॉकर टॅपेटपासून दूर जातो, गॅप वाढतो. व्हॉल्व्हचा दांडा आणि पुशरॉड वाढले की गॅप कमी होतो. या ओढाताणीत कोण जिंकतं हे इंजिनाच्या रचनेवर असतं. पोलादी पुशरॉडच्या बऱ्याच जुन्या इंजिनांत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ठरावीक गॅप ठेवतात. ॲल्युमिनियमच्या पुशरॉडच्या बुलेटला मात्र इंजिन थंड असताना गॅप शून्य ठेवायचा: पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. खाली, टॅपेटच्या कव्हरमागे, ॲडजस्टर आणि त्याचा लॉकनट असतो. एका पान्याने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. लॉकनट आवळला की सेटिंग जरासं सरकतं, म्हणून आवळल्यावर परत फिरवून बघायचं. मी सहसा तिसऱ्या वेळी जमवतो.

जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मघाशी सांगितलेली जळण्याची गोष्ट परत सुरू होते. जास्त सैल सोडलं तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, कमी उघडतो आणि वर आवाज करतो. गॅरेजमध्ये म्हणतात, आवाज करणारं टॅपेट चालेल, गप्प बसलेलं नको.

आता माझी चूक. पिस्टन टॉपला येतो दोनदा: एकदा दाबाच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. दुसऱ्या वेळी एक्झॉस्ट मिटत असतो आणि इनटेक उघडायला लागलेला असतो. दोन्ही दारं किंचित उघडी. याला ओव्हरलॅप म्हणतात. मी मधेच इंजिन एक फेरा फिरवलं होतं आणि परत टॉपला आणताना नेमकं हेच टॉप धरलं. पुशरॉड घट्ट लागले, म्हणून ॲडजस्टर खाली घेत गेलो, ते फिरेपर्यंत. समाधानाने कव्हर लावलं.

गाडी सुरू झाली. साताऱ्यातल्या रस्त्यावरच्या बोगद्यापर्यंत ठीक. यवतेश्वरच्या घाटाला लागलो आणि वरून शिवणयंत्रासारखं टक टक टक. पहिल्या वळणावरच गाडीचा जोर गेला. ढकलत परत वळवली आणि मिस्त्रींकडे आणली. त्यांनी कव्हर काढलं, बोटाने पुशरॉड वर-खाली हलवला. गॅप डोळ्यांना दिसत होता.

"सर, ओव्हरलॅपला टॅपेट लावलंसा," ते म्हणाले. "आवो, आधी अंगठा लावायचा असतोय."

अंगठा म्हणजे प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा आणि किक हाताने हळू दाबत न्यायची. अंगठ्याला आतून हवा ढकलते तो दाबाचा स्ट्रोक. त्याच्या शेवटचं टॉप बरोबर. दुसरी खूण त्यांनी त्याच वेळी दाखवली. टॉपच्या आसपास इंजिन जरासं पुढे-मागे हलवायचं. दोन्ही पुशरॉड जागचे हलले नाहीत तर हेच दाबाचं टॉप. पुढे गेलं की एक उचलतो आणि मागे गेलं की दुसरा, असं झालं तर तुम्ही ओव्हरलॅपवर आहात. इतकं साधं, आणि मी दुपारभर ते केलं नव्हतं.

आणखी एक जागा बघायची राहते आणि ती बहुतेक जण विसरतात. हँडलवरची छोटी डिकॉम्प्रेशन लिव्हर किक सोपी करण्यासाठी एक्झॉस्टचं टॅपेट खालून उचलून धरते. तिच्या केबलला ढील नसेल, तर लिव्हर न दाबताही टॅपेट केसभर उचललेलं राहतं. मग सगळी बांधणी बरोबर असून कॉम्प्रेशन मिळत नाही आणि माणूस पुन्हा हेड खोलायला निघतो. केबल ढिली करून पहिल्यांदा ते बघा.

सुरू करण्याआधी दोन्ही रॉकर कव्हरं उघडी असतानाच रॉकरांवर, स्प्रिंगांवर आणि पुशरॉडच्या टोकांवर चांगलं तेल ओतायचं. पंपाचं तेल वर पोचायला वेळ लागतो आणि तोवर ही घासणारी टोकं कोरडी असतात. मग प्लग काढून दहा-पंधरा किका मारायच्या आणि बघत राहायचं. मिस्त्रींनी मला तेवढ्यासाठी स्टुलावर बसवलं होतं, हातात बॅटरी देऊन, मामांच्या मळ्यातल्यासारखं. बाराव्या किकला पुढच्या रॉकरच्या कडेने तेल झिरपलं. ते म्हणाले, आता कव्हर लावा. काही शे किलोमीटर झाल्यावर थंड इंजिनावर हेडचे नट आणि टॅपेट परत तपासायला या, आणि येताना पेढ्यांचा बॉक्स घेऊन या, या वेळी भरलेला.